माझं पाय कुठं गेलं?

मागच्या वेळी आपण गटाचं वहीखातं कसं लिहायचं यावर बोललो होतो. आज हिशेब नाही. आज आम्ही आमच्या गटात घडलेली एक गोष्ट सांगणार आहोत.

आमचं गाव लोणंदच्या जवळ. ज्ञानोबा माउलींची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात येते ती आमच्याच भागात. नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान होतं, मग लोणंदचा मुक्काम, आणि पुढं तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब, जिथं पहिलं उभं रिंगण होतं. आमच्या गटातल्या थोरल्या आक्का एकोणीस वर्षं आळंदी ते पंढरपूर पायी चालल्या. मग गुडघे गेले. गेली सहा वर्षं त्या ओसरीवरच आहेत. गटाच्या बैठकीलाही सून हाताला धरून आणते.

गेल्या आषाढात गटातल्या एका ताईंचा मुलगा पालखीबरोबर चालला. तो पुण्यात शिकतो, त्याला कॉलेजसाठी प्रकल्प करायचा होता. त्याच्याकडं काठीवर बसवलेला एक छोटा कॅमेरा होता. त्याला पुढं एक आणि मागं एक अशी दोन फुगीर भिंगं. दोन्ही भिंगांतलं चित्र जोडलं की चहूबाजूंचा एकच व्हिडिओ होतो. श्रावणात तो गावी आला तेव्हा डोळ्यांवर बांधायचा हेडसेट घेऊन आला. याला व्हर्च्युअल रिअॅलिटी म्हणतात, मराठीत आभासी वास्तव.

हे चालतं कसं, ते आम्ही त्याच्याकडून समजून घेतलं. डब्याच्या आत डोळ्यांच्या अगदी जवळ पडदा असतो आणि प्रत्येक डोळ्यासमोर एकेक भिंग. आपली मान कुठं वळली हे यंत्राला कळतं आणि चित्रही तेवढंच वळतं. डावीकडं पाहिलं की टाळकरी, उजवीकडं पाहिलं की डोंगर, मागं पाहिलं तर मागची दिंडी. लहानपणी जत्रेत डब्याला डोळे लावून आपण चित्रं बघायचो. फरक इतकाच की त्या डब्यात आपण बाहेरून डोकवायचो आणि इथं आतच उभ्या असतो.

पहिला व्हिडिओ चालता-चालता काढलेला होता. दोन मिनिटांत आमच्या एका ताईंना मळमळायला लागलं. डोळे सांगतात आपण चालतोय, पण कानाच्या आत तोल सांभाळणारी जी जागा असते ती सांगते आपण खुर्चीत बसलोय. दोघांचं जमलं नाही की चक्कर येते. मग त्या मुलानं दुसरा व्हिडिओ लावला. तो दिवे घाटात, एका जागी काठी रोवून घेतलेला होता. तो मात्र सगळ्यांना सोसला.

शेवटी आक्कांना बसवलं. सुनेनं चष्मा काढून घेतला, पट्टा सैल केला. मृदंगाचा आवाज कानावर पडला तशी आक्कांची मान हलायला लागली. "घाट हाय गं, दिवे घाट!" आम्ही सगळ्या हसत होतो, कुणी फोटो काढत होत्या. रथ जवळ आला तसे आक्कांनी हात जोडले आणि नमस्काराला वाकल्या. त्या वाकल्या तसं त्यांच्या डोळ्यांपुढचं चित्रही वाकलं, पण रथ जवळ आला नाही. या व्हिडिओत मान वळवता येते, पाऊल पुढं टाकता येत नाही. कॅमेरा जिथं रोवला होता, तिथंच आपण. आक्कांनी खाली बघितलं. खाली रस्ता होता आणि बाकी काही नव्हतं.

"माझं पाय कुठं गेलं गं?" त्यांनी विचारलं.

पहिल्यांदा आम्ही हसलो. मग हेडसेट काढला तर आतली कड ओली झालेली.

तेवढ्यात त्यांचा मुलगा आला. सगळं ऐकून म्हणाला, "बरं झालं की! दर आषाढात हे बांधायचं डोळ्यांवर. घरबसल्या वारी." तो वाईट माणूस नाही. आईची औषधं वेळेवर आणतो, दवाखान्यात नेतो. पण आक्का सहा वर्षं एकच मागत होत्या, "पंढरपूर राहू दे, मला एकदा लोणंदला रस्त्याकडंला नेऊन बसवा." हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी आमच्यातलं कुणीही तोंड उघडलं नाही. त्या रात्री आक्का जेवल्या नाहीत, असं सुनेनं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

पुढच्या बैठकीत आम्ही हप्ते लवकर उरकले आणि आक्कांना विचारलं, "आक्का, तुम्हाला त्यात काय दिसलं नाही?" त्या म्हणाल्या, "ती वारी खरी हाय. पण तिच्यात म्या न्हाई."

मग त्या तासभर बोलल्या. पहिल्या वर्षी सासूबाईंनी जाऊ दिलं ते डोक्यावर तुळस घ्यायच्या अटीवर. सासवडच्या मुक्कामाला पाय सुजले, तेव्हा फलटणकडच्या एका बाईनं आपल्या वाटणीचं तेल त्यांच्या तळव्यांना चोळलं. वाल्ह्यात पाऊस राहुटीत शिरला आणि दोघींनी रात्रभर एकच घोंगडी पांघरली. ती बाई पुढं सोळा वर्षं संगतीला होती, आता ती नाही. बोलता-बोलता आक्का म्हणाल्या, "बाईच्या जन्माला दुसरा परवास कुठला? सासर, माह्यार, दवाखाना आन् वारी." हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. सहा वर्षं त्या आमच्या शेजारी बसून सही करत होत्या आणि आम्ही फक्त हप्ता विचारत होतो.

म्हातारं माणूस मागचं बोलायला लागलं की आपण म्हणतो, झालं सुरू. रॉबर्ट बटलर या अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी १९६३ सालीच लिहून ठेवलंय की उतारवयात मागचं आयुष्य आठवणं, ते पुन्हा चाळून बघणं ही स्वाभाविक गोष्ट आहे, तो भ्रमिष्टपणा नाही. आठवणी जागवायला हेडसेटचा उपयोग होतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. तो डबा बांधला नसता तर आक्का बोलत्या झाल्या नसत्या. पण त्यानं जागा दाखवली. तेल चोळणारी बाई दाखवायला आक्काच हव्या होत्या, आणि ऐकायला कुणीतरी समोर बसायला हवं होतं.

आता काही गोष्टी कामाच्या. हेडसेट कुणाला लावायचा तर आधी विचारा आणि हात नसलेल्या नव्हे, हात असलेल्या स्थिर खुर्चीत बसवा. उभं राहून बघू देऊ नका, तोल जातो. पहिल्यांदा पाच मिनिटं पुरेत. शेजारी एकीनं खांद्यावर हात ठेवून बसायचं. फिट येण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. एकीचं झालं की डोळ्यांभोवतीची गादी पुसा, भिंगं कोरड्या मऊ कापडानं पुसा. आणि काढल्यावर लगेच दुसरीच्या डोक्यावर चढवू नका. पहिलीला विचारा, काय आठवलं?

आणखी एक, आणि हे महत्त्वाचं. या कॅमेऱ्याला पाठ नसते. त्या मुलानं पालखी टिपली, पण मागच्या बाजूला टँकरवर अंघोळ करणाऱ्या बायाही टिपल्या गेल्या. त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. आमच्या एकीनं मान मागं वळवली तेव्हा ते दिसलं. आम्ही तो भाग तिथल्या तिथं पुसायला लावला. तुमच्या घरातली मुलं असा कॅमेरा घेऊन जत्रेला, नदीवर जाणार असतील तर त्यांना हे आधी सांगा.

गटाच्या पैशातून हेडसेट विकत घ्यायचा का, यावरही चर्चा झाली. नको ठरलं. त्याऐवजी महिन्यातून एका बैठकीत एकीनं आपल्या एका प्रवासाबद्दल बोलायचं आणि दुसरीनं ते मोबाइलवर आवाजात साठवायचं. कधी, कुठं, संगतीला कोण, हे सुरुवातीला बोलून ठेवायचं. याला खर्च काही नाही.

आणि आक्का? त्यांच्या मुलाशी आम्ही चौघी जाऊन बोललो. गर्दीत आईला त्रास होईल, ही त्याची भीती खोटी नव्हती. म्हणून लोणंदला रस्त्याकडंच्या एका ताईंच्या माहेरी सोय लावली आहे. रस्ता बंद होण्याआधी सकाळीच पोचायचं. ओटा आहे, पायरी एकच आहे, संडास घरातच आहे. येत्या आषाढात आक्का तिथं बसतील. पाऊस आला तर छत्री धरायला आम्ही आहोत.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात कुणी ओसरीवर बसून असेल. आज रात्री भांडी झाली की त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, तुम्ही सगळ्यात लांब कुठं गेला होता?