नमुना उचलताना

चाललेल्या धंद्याचा नमुना दुसरीकडे नेताना माणसं सहसा डोळ्यांना दिसतं तेच उचलतात: रचना, पदं, नियमावली. खरं तर प्रत्येक भाग मूळ ठिकाणी कोणत्या अडचणीवर तोड म्हणून आला, हे आधी विचारायला हवं. ती अडचण नव्या ठिकाणी असेल तर तो भाग ठेवावा, नसेल तर सोडावा. गुजरातमधल्या आणंदचा दूध नमुनाच पाहा. तिथला खेडा जिल्ह्याचा दूध संघ 1946 साली उभा राहिला. दूध दिवसातून दोनदा निघतं आणि लगेच नासतं, म्हणून गावच्या सोसायटीत दोन वेळचं संकलन. पाणी घातल्याचा संशय कायमचा, म्हणून फॅट तपासून दर. प्रक्रियेचा कारखाना एका गावाला परवडत नाही, म्हणून जिल्ह्याचा संघ. 1965 साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झालं आणि 1970पासून ‘ऑपरेशन फ्लड’मधून हा नमुना देशभर गेला. तो रुजला, कारण दूध सगळीकडे तसंच नासतं.

पुढे हीच घडण तेलबियांना लावण्यात आली. ‘धारा’ तेल घरोघरी पोचलं, पण गावच्या सोसायटीला दुधाच्या सोसायटीसारखी पकड आली नाही. त्यात नवल नाही. भुईमूग हंगामात निघतो, वाळवलेल्या शेंगा टिकतात, आणि भाव पाहून त्या व्यापाऱ्याला घालता येतात. सोसायटीशी रोज बांधून ठेवणारी निकडच तिथे नव्हती. उलट प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना पाहा. तोडलेल्या उसाचा उतारा लवकर घसरतो, त्यामुळे निकड दुधासारखीच; पण ऊस शेतातून थेट गव्हाणीकडे जातो. म्हणून मधल्या संकलन सोसायटीची गरज पडली नाही, शेतकरी थेट कारखान्याचा सभासद झाला. सहकाराचं तत्त्व तेच, घडण मात्र मालाच्या स्वभावानुसार.

यावर कोणी म्हणेल, की फेरफाराची मुभा दिली की सोयीची कलमं राहतात आणि जाचक कलमं गळतात. त्यापेक्षा नमुना जसाच्या तसा राबवावा. ही भीती खरी आहे. म्हणूनच फॅटची तपासणी, निवडून आलेलं मंडळ आणि पगारी व्यवस्थापक यांना हात लावू नये, कारण माणसांमधला अविश्वास गाव बदलल्याने बदलत नाही. पण विक्रीचं तसं नाही. गुजरातचे जिल्हा संघ ‘अमूल’ या एका नावाखाली विकतात; महाराष्ट्रात ‘महानंद’ हा महासंघ असूनही ‘गोकुळ’ आणि ‘वारणा’ हे दूध संघ आपापल्या नावाने बाजारात उभे राहिले. नाव कोणाचं लावायचं हे बाजार किती जवळ आणि संघ किती मोठा यावर ठरतं. तेव्हा नमुना उचलणाऱ्यांनी आराखड्यातल्या प्रत्येक भागापुढे त्याचं कारण लिहावं. जिथे कारण सापडत नाही, तिथे पैसा घालण्याआधी थांबावं.