खुलभर दूध आणि काशाची वाटी

कुणी बसमध्ये ऐकत असाल, कुणी भांडी घासताना, आणि कुणी रात्रीचे दोन वाजले तरी झोप येत नाही म्हणून हे लावलं असेल. आजचं बोलणं खास त्या शेवटच्या मंडळींसाठी. कारण दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्यातलाच होतो.

हिंजवडीत नोकरी, रात्रीचे कॉल, मान कायम आखडलेली. त्या वर्षी प्रमोशन मिळालं. मेल वाचला आणि खरं सांगतो, काहीच वाटलं नाही. घरी जास्त पैसे पाठवायला लागलो, पण आतलं रिकामपण तसंच. वाटायचं, अजून थोडं मिळालं की भरेल.

श्रावणात सुट्टी काढून कराडजवळच्या आमच्या गावी गेलो. सोमवार होता. रात्री फोन बघत आडवा पडलो होतो, तर आजी काशाची वाटी आणि तूप घेऊन पायाशी येऊन बसली. "पाय इकडं कर." मी म्हटलं, "अगं आजी, तू कशाला?" ती म्हणाली, "गप पड."

ज्यांनी काशाची वाटी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू. तळव्याला तूप किंवा तेल लावायचं आणि वाटीच्या बुडानं गोल गोल घासायचं. हळूहळू तळवा काळपट होतो. लोक म्हणतात, अंगातली उष्णता बाहेर पडली. खरं तर धातू आणि तूप एकमेकांवर घासलं जातं, त्याचा तो काळेपणा. पण पाय मोकळे होतात, डोळे जड होतात, हे मी स्वतः अनुभवलंय. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'तही रोज अंगाला तेल लावावं, आणि डोकं, कान, पाय यांना विशेष लावावं, असं सांगितलंय.

घासता घासता आजीनं खुलभर दुधाची कहाणी सुरू केली. लहानपणी शंभर वेळा ऐकलेली.

आटपाट नगराच्या राजाला वाटलं, महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. दवंडी पिटली, सगळ्यांनी घरातलं सगळं दूध आणायचं. लोक घाबरले. पोरांना थेंब ठेवला नाही, वासरांना पाजलं नाही. गावाचं दूध ओतलं, तरी गाभारा काही भरेना. दुपारी एक म्हातारी आली. तिनं आधी घरची कामं उरकली होती, पोराबाळांना जेवू घातलं होतं, लेकीसुनांची विचारपूस केली होती, वासरांना पाजलं होतं. उरलेलं खुलभर दूध तिनं ओतलं, आणि गाभारा भरला!

लहानपणी मला हा चमत्कार वाटायचा. त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं की गाभारा दूध कमी पडल्यामुळे रिकामा नव्हता. मागे घरोघरी कुणीतरी उपाशी तळमळत होतं, म्हणून तो भरत नव्हता.

आणि मी? सगळं दूध ऑफिसच्या गाभाऱ्यात ओतत होतो. झोप, जेवण, मान, पाठ, आईचा फोन... कुणालाच काही ठेवलं नव्हतं. माझंच शरीर दावणीला उपाशी बांधलेलं होतं. मग समाधान कुठून येणार?

नोकरी मी सोडली नाही. हप्ते आहेत, सोडणार कशी? फक्त क्रम बदलला. रात्री दहा मिनिटं पायांना तेल. तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत. आमच्याकडे कहाणी ऐकताना हातात अक्षता धरून बसतात. आता मला त्यातली गंमत कळते. मूठ बंद, म्हणजे हात दुसरीकडे जात नाहीत. कान ऐकतात तेव्हा अंगही तिथंच असतं. तेलाच्या हातांनी स्क्रोल करता येत नाही, तेही तसंच.

एक मात्र सांगतो. हा आजारावरचा इलाज नाही. मधुमेहानं पाय बधिर होत असतील, पायावर सूज किंवा जखम असेल, महिनोन्‌महिने झोप नसेल, तर आधी डॉक्टरांकडे जा.

आता आजीचे हात थरथरतात. वाटी धरवत नाही. म्हणून या श्रावणात वाटी माझ्या हातात होती. तिचे तळवे घासत होतो आणि कहाणीही मीच सांगत होतो. पोराबाळांना जेवू घातलं, लेकीसुनांची विचारपूस केली, मग म्हातारी दूध घेऊन निघाली...

आजीचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, झोपली. तेवढ्यात ती पुटपुटली,

"वासरं राहिली रं."

मी थांबलो. मागे गेलो. वासरांना पाजलं, आणि मगच म्हातारीला देवळाकडे निघू दिलं.

चला, आज इथंच थांबतो. तुमच्या आजीची कहाणी कोणती, ती आठवून ठेवा. आजी असेल तर तिलाच विचारा, आणि विचारताना पायाशी बसा. भेटू पुढच्या भागात. झोपा आता!