घरातल्या कुंडीला उजेड किती हवा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषय घरगुतीच निवडला आहे. आपल्यापैकी कितीतरी जणी वाडा किंवा चाळ सोडून उंच इमारतींत राहायला आल्या. अंगणातले वृंदावन गेले आणि तुळस खिडकीच्या ग्रिलमध्ये आली. समोर दुसरी इमारत उभी राहिली, तेव्हा तेथले ऊनही गेले. मग तुळस वाळते. नवी आणावी, तर तीही महिन्या-दोन महिन्यांत वाळते. आणि घरात कुणीतरी बोलून जाते, "हिच्या हातची झाडे जगत नाहीत." कुठे कुठे तर तो अपशकुन ठरतो आणि त्याचा बोल नव्या सुनेला लागतो.

भगिनींनो, यात हाताचा दोष नाही आणि शकुनाचाही संबंध नाही. ते झाड उपाशी असते, एवढेच!

झाडाचे अन्न म्हणजे खत, असे आपण समजतो. परंतु खत हे आपल्या जेवणातल्या मिठासारखे आहे. पोटभरीचे अन्न झाड स्वतःच रांधते. हवेतला कार्बन वायू आणि मुळांनी ओढलेले पाणी हा त्याचा शिधा, हिरवे पान ही चूल आणि उजेड हे सरपण. सरपणच नसेल तर शिधा असून काय उपयोग?

"पण आमच्या खोलीत भरपूर उजेड आहे," असे आपण म्हणाल. येथेच आपला डोळा आपल्याला फसवतो. उजेड कमी झाला की डोळ्यांतली बाहुली मोठी होते आणि आपल्याला सारे स्वच्छ दिसू लागते. पानाला अशी सोय नाही. उजेड मोजण्याचे माप लक्स. भर दुपारच्या उन्हात सुमारे १ लाख लक्स उजेड असतो. ऊन न येणाऱ्या खिडकीशी तो दोन-तीन हजारांवर येतो, खिडकीपासून सहा-सात फूट आत काही शेच उरतो, आणि रात्री दिवा लावलेल्या दिवाणखान्यात पुष्कळदा १००–२०० च असतो. म्हणजे आपल्याला लख्ख वाटणारी खोली झाडाच्या दृष्टीने अंधारीच आहे.

उजेड कमी पडतो हे झाड स्वतःच सांगते. शेंडा खिडकीकडे वळतो, खोड बारीक होऊन लांबत जाते, दोन पानांमधले अंतर वाढते, नवी पाने लहान आणि फिकट येतात. हे पाहून आपण काय करतो? आणखी पाणी घालतो! उजेड कमी तर झाडाची तहानही कमी. ते पाणी कुंडीतच साचते आणि मुळे कुजतात. उजेडाअभावी आजारी पडलेली कितीतरी झाडे शेवटी पाण्याने मरतात. म्हणून अंधाऱ्या जागी बोटाने माती चाचपून, ती वरून सुकली असेल तरच पाणी घालावे.

आता उपाय. पहिला उपाय फुकटचा आहे. दुपारी कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर फूटभर उंचीवर हात धरावा. सावली ठसठशीत पडली तर जागा चांगली, पुसट पडली तर मध्यम, आणि दिसलीच नाही तर दिव्याची गरज आहे असे समजावे. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसावी, कुंडीमागे पांढरा पुठ्ठा लावावा आणि दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवावी.

एवढ्याने भागले नाही तर दिवा घ्यावा. जुने तारेचे पिवळे बल्ब या कामाचे नव्हेत. त्यांची बहुतेक वीज उष्णतेत जाते आणि जवळ आणले तर पाने करपतात. आजचे एलईडी दिवे मात्र सोयीचे आहेत. निळा एलईडी तयार झाला म्हणून हा पांढरा दिवा शक्य झाला आणि त्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पान तांबडा आणि निळा उजेड अधिक शोषते, म्हणून बाजारात जांभळे दिवेही मिळतात. ते वाईट नाहीत, पण त्या उजेडात पान पिवळे पडले की कीड लागली, हे आपल्याला कळत नाही. घरासाठी साधी पांढरी नळी पुरे. खोक्यावर ५००० ते ६५०० केल्विन लिहिलेले पाहावे. आणि वॅट पाहून थांबू नये, ल्युमेनही वाचावेत. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो आणि ल्युमेन म्हणजे तो उजेड किती देतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अंतराची. ९ वॅटचा एलईडी बल्ब एका फुटावर सुमारे १,३०० लक्स देतो. तोच दोन फुटांवर नेला तर उजेड निम्मा होत नाही, चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून छतावरचा दिवा कितीही झगझगीत असला तरी कुंडीच्या उपयोगाचा नाही. नळी लांब असल्याने तिचा उजेड जरा सावकाश कमी होतो. २० वॅटची चार फुटी नळी एका फुटावर सुमारे अडीच हजार लक्स देते. मनीप्लँटसारख्या सावलीतल्या झाडांना एवढे पुरते. तुळस, पुदिना, मेथी यांची भूक मोठी. त्यांच्यासाठी अशा दोन नळ्या शेजारी-शेजारी, शेंड्यापासून सहा इंचांवर टांगाव्यात, म्हणजे आठ-दहा हजार लक्सपर्यंत मजल जाते. त्या साखळीने टांगल्या की झाड वाढेल तशा वर घेता येतात. तुळशीचे शेंडे आणि मंजिऱ्या खुडत राहाव्यात, म्हणजे ती बुटकी आणि दाट राहते.

ऊन अजिबात येत नसेल तर तुळशीला रोज १४ तास दिवा द्यावा. सकाळी ६ ला लावावा, रात्री ८ ला बंद करावा. दोन-तीन तास ऊन येत असेल तर सहा-आठ तास पुरतात. खर्चाचा हिशेबही सांगते. २० वॅटच्या दोन नळ्या १४ तास जळल्या तर महिन्याला सुमारे १७ युनिट होतात. आपल्या बिलातल्या दराने गुणून पाहा. त्यांच्याखाली चार-पाच कुंड्या मावतात, तेव्हा शेजारणीची तुळसही सामावून घेता येईल.

रात्रभर मात्र दिवा ठेवू नये, झाडालाही काळोख हवा. अमेरिकेतील गार्नर आणि ॲलार्ड या शास्त्रज्ञांनी १९२० साली दाखवून दिले की कित्येक झाडे दिवस-रात्रीची लांबी ओळखून फुलतात. आपली शेवंती त्यांपैकीच. तिला लांब रात्र मिळाली नाही तर कळ्या धरत नाहीत. गॅलरीतला दिवा रात्रभर जळत असेल, तर शेवंती का फुलत नाही हे वेगळे सांगायला नको.

सावधगिरीची एक सूचना. पाणी आणि वीज यांचे सख्य नाही. जोडणी जाणकार वायरमनकडून करून घ्यावी, पाणी घालताना बटण बंद करावे आणि वायरी कुंडीखाली लोंबू देऊ नयेत.

शेवटी मंडळाला एक विनंती. मंडळाने उजेड मोजण्याचे एक लहानसे यंत्र विकत घ्यावे आणि भगिनींनी ते आळीपाळीने घरी न्यावे. तुळस जुनी झाली की तीही थकते, एक दिवस जाते. तो तिचा धर्मच आहे. परंतु यापुढे कुणाच्या घरी तुळस सुकलेली दिसली, तर त्या घरच्या सुनेच्या हाताकडे पाहण्याआधी आपण खिडकीकडे पाहूया. संध्याकाळी तुळशीपुढे निरांजन लावणे ही आपली भक्ती झाली, आणि दिवसा तिला पोटभर उजेड देणे ही तिची सेवा.