शेरखानला हवं तरी काय होतं?



शेरखान जन्मापासून लंगडा आहे. रुडयार्ड किपलिंगच्या ‘द जंगल बुक’मधल्या पहिल्याच गोष्टीत मोगलीला वाढवणारी लांडगीण हे सांगून टाकते, आणि त्यापुढं ती जी साखळी मांडते ती मला फार मोलाची वाटते. पाय अधू, म्हणून तो गावाची गुरं मारतो. गुरं मारली की गावकरी चिडतात, त्याच्या शोधात रान पिंजून काढतात, गवत पेटवून देतात. तोवर शेरखान कुठल्या कुठं निघून गेलेला असतो. होरपळतात ते मागं राहिलेले लांडगे आणि त्यांची पिल्लं. एका वाघाच्या पायातलं व्यंग असं सगळ्या रानाला भोगावं लागतं.

आमच्या पिढीला हा शेरखान भेटला तो दूरदर्शनवर, 1993 पासून, रविवारी सकाळी. जपानच्या निप्पॉन ॲनिमेशननं 1989 मध्ये तयार केलेली ती बावन्न भागांची मालिका. ती हिंदीत आली तेव्हा शीर्षकगीत गुलजारांनी लिहिलं, त्याला संगीत विशाल भारद्वाज यांचं होतं, आणि शेरखानचा आवाज होता नाना पाटेकर यांचा. कफ परेडच्या आमच्या मच्छीमार नगरात ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांच्या दारात त्या वेळी चपलांचा खच पडायचा. आत पोरं, खिडकीत पोरं. शेरखान आला की छोटी पोरं मोठ्यांच्या पाठीमागं सरकायची. तो वाईट आहे, एवढं आम्हाला पुरेसं होतं.

आता मी ती मालिका माझ्या भाचीबरोबर पुन्हा पाहते आहे. ती चौथीत शिकते आणि तिला ‘वाईट आहे’ एवढ्यानं चालत नाही. ‘पण त्याला हवंय काय?’ हा तिचा प्रश्न दर भागात येतो. त्या प्रश्नामुळं मी किपलिंगच्या मूळ कथा शेजारी ठेवून मालिका पाहायला लागले. मालिकेनं त्या कथांमध्ये पुष्कळ भर घातली आहे, काही पात्रं नवी आणली आहेत, मोगलीच्या हातात बूमरँग दिलं आहे. पण प्रत्येक प्राणी जे वागतो ते का वागतो, याची मुळं बहुतेक कथांमध्येच सापडतात.

आपण रेडिओवर भेटतो आहोत, म्हणून आधी आवाजाबद्दल बोलते. टीव्हीसाठीच्या जपानी ॲनिमेशनमध्ये 1963 च्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’पासून एक काटकसर रुळली. दर आठवड्याला एक भाग द्यायचा, तर चित्रं कमीत कमी काढायची. चेहरा तसाच ठेवायचा आणि तोंड तेवढं हलवायचं. अशा चित्रात पात्राचं मन दाखवायला दोनच गोष्टी उरतात, डोळे आणि आवाज. नानांचा शेरखान ऐका, चित्राकडे पाठ करून ऐका. तो गुरकावतो कमी आणि मागतो जास्त. आपलं कुणीतरी घेतलंय, ते परत मिळत नाही, आणि विचारलं तर समोरचा उलट आपल्यालाच दटावतो, अशा माणसाची धग त्या बोलण्यात आहे. मला तो राग खलनायकाचा वाटत नाही. तो हक्क मागणाऱ्याचा राग आहे.

आणि त्याच्यापुरतं ते खरंही आहे. मोगली ही त्याची हुकलेली शिकार आहे. ते मूल त्याच्या तावडीतून निसटलं, दुडदुडत लांडग्यांच्या गुहेशी आलं आणि लांडग्यांनी ते ठेवून घेतलं. शेरखान गुहेच्या तोंडाशी येऊन जे म्हणतो त्याचा अर्थ एवढाच, की माझं आहे ते मला द्या. दुसऱ्या ‘जंगल बुक’मध्ये तर हा हक्क आणखी मागं जातो. हत्ती तिथं पहिल्या वाघाची गोष्ट सांगतो. त्या वाघानं रानात पहिली हत्या केली, त्याच्या अंगावर पट्टे उमटले ते त्या लाजेची खूण म्हणून, आणि पुढं वर्षातली एक रात्र अशी ठरली की त्या रात्री माणूस वाघाला भितो, वाघ माणसाला नाही. शेरखान माणूस मारून पाणवठ्यावर येतो आणि म्हणतो की ती माझी रात्र होती, माझा अधिकार होता. भूक होती म्हणून मारलं, असं तो म्हणतच नाही. ज्याला धावता येत नाही त्यानं अधिकारावर इतकं बोट ठेवावं, यात मला त्याचा सगळा स्वभाव दिसतो.

इथं एक आपल्या मुंबईचं सांगितल्यावाचून राहवत नाही. किपलिंगचा जन्म 30 डिसेंबर 1865 चा, आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला. त्याचे वडील तिथं शिकवायचे. मुरूड-जंजिऱ्याचे नाना पाटेकर उपयोजित कला शिकले तेही जे. जे. मध्येच. ज्यानं शेरखान लिहिला आणि ज्यानं त्याला हिंदीत वाचा दिली, त्या दोघांच्या पायाखाली एकच आवार होतं. आमच्या वस्तीपासून ते काही फार लांब नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरू केलेलं हे पाहणं रंगलं ते जून लागल्यावर. साधारणपणे 1 जून ते 31 जुलै आपल्याकडे मासेमारीला बंदी असते. मासळीचा अंडी घालण्याचा, पिल्लं वाढण्याचा तो काळ. होड्या वर ओढलेल्या, त्यांच्यावर ताडपत्र्या, आणि पुरुषमाणसं घरात. माझे मामा आयुष्यभर तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, होते. ते जाळं मांडीवर घेऊन सांधायला बसतात आणि कानानं मालिका ऐकतात. मी त्यांना किपलिंगच्या रानातला पाण्याचा तह वाचून दाखवला. दुष्काळ पडतो, नदी आटते, पात्रातला एक खडक उघडा पडतो. तो दिसला की हत्ती तह पुकारतो. मग पाणवठ्यावर कुणी कुणाला मारायचं नाही. वाघ आणि हरीण एकाच पाण्यावर. मामांनी सुई थांबवली आणि विचारलं, ‘आणि मोडला कोनी तर?’ त्या कायद्यात तह मोडणाऱ्याला मृत्यूची शिक्षा आहे, असं मी सांगितलं. ते म्हणाले, ‘मग तो पालतात म्हनून नाय पालत. पुढच्या वर्साला पन खायचं हाय म्हनून पालतात.’ रानाचा कायदा प्राण्यांच्या गळी कसा उतरतो, याचं याहून चांगलं स्पष्टीकरण मला कुठं वाचायला मिळालेलं नाही.

त्या रानातला सगळ्यात घातकी कोण, असं मला विचाराल तर मी शेरखानचं नाव घेणार नाही. मी तरुण लांडग्यांचं घेईन. मालिका पाहताना ते सहज निसटतात, कारण त्यांना वेगळे चेहरे नाहीत, ते नुसते कळपात असतात. पण कथेत त्यांचा प्रवास नीट दिला आहे. शेरखान आपल्या शिकारीतलं उरलंसुरलं त्यांना खाऊ घालतो. मग हळूच म्हणतो, तुमच्यासारख्या पट्टीच्या शिकाऱ्यांनी एका म्हाताऱ्या लांडग्याच्या आणि एका माणसाच्या पोराच्या मागं का चालावं? ही स्तुती त्यांना गोड लागते. पुढं ते कळपाचा पुढारी असलेल्या अकेलाला मुद्दाम ताज्या दमाच्या हरणावर सोडतात, म्हणजे त्याची झेप चुकावी. ज्याची झेप चुकते त्यानं कळपाचं पुढारीपण सोडायचं, हा नियम. नियम पाळूनच नेत्याचा काटा काढला जातो. तबाकी कोल्हा तर उघडच उष्ट्यावर जगतो आणि ते लपवतही नाही. तरुण लांडगे मात्र स्वतःला शिकारी समजत राहतात.

मामांचं म्हणणं असं, की होडीवर असं होत नाही, कारण तिथं वाटा ठरलेला असतो. डिझेल-बर्फाचा खर्च वजा जाता होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा, खलाशाचा. ज्याला आपला वाटा माहीत आहे त्याला दुसऱ्याच्या उष्ट्याकडे बघावं लागत नाही. अलीकडे अनेक होड्यांवर खलाशी पगारावर असतात आणि वाट्याची पद्धत मागं पडते आहे, याचं त्यांना वाईट वाटतं. तो विषय निराळा. पण अकेलाच्या कळपात शिकारीची वाटणी कशी होत होती, हे आपल्याला कुणी सांगत नाही, हे त्यांनी बरोबर हेरलं.

आता लांडग्यांच्या पायांतल्या काट्याबद्दल. मोगलीला कळपातून काढून टाकायचं ठरतं तेव्हा काळा बिबट्या बघीरा त्याला कारणं सांगतो. ते तुझ्या नजरेला नजर देऊ शकत नाहीत, तू शहाणा आहेस, तू माणूस आहेस. आणि यांच्याच बरोबरीनं आणखी एक कारण येतं. तू त्यांच्या पायांतले काटे काढलेस. लांडग्यांच्या पंज्यात घुसलेले लांब काटे मोगली बोटांनी उपसून काढायचा. ते उपकार होते. त्याच उपकारांमुळं ते त्याचा द्वेष करतात.

भाचीला हे पटेना. ‘काटा काढला तर थँक्यू म्हणायचं!’ मी तिला आमच्या आळीतल्या एका आजीची गोष्ट सांगितली. शिंगाळा माशाचा काटा ज्यानं कधी हातात मोडून घेतला असेल त्याला मी काय म्हणते ते कळेल. त्या काट्याला करवतीसारखे दाते असतात, आत जाताना सरळ जातो आणि बाहेर ओढला तर मांस फाडत येतो. त्यात विष असतं, हात खांद्यापर्यंत ठणकतो. ही आजी आधी सोसेल तितक्या कढत पाण्यात हात धरायला लावायची, मग दिव्याखाली तळवा उताणा धरून काटा हलक्या हातानं मोकळा करायची. आडदांड गडी तिच्या ओट्यावर बसून आईच्या नावानं हाका मारायचे. आणि तेच गडी पुढं वस्तीच्या बैठकीत ती काही बोलायला लागली की तिला बसवायचे. तिनं त्यांना रडताना पाहिलं होतं. मला वाटतं लांडग्यांचं दुखणं तेच आहे. मोगलीनं त्यांचा पंजा हातात घेतला तेव्हा ते लांडगे नव्हते, वेदनेनं कण्हणारी जनावरं होती, आणि हे मोगलीला माहीत आहे. मदत विसरता येते, पण मदत करणाऱ्यानं आपली जी अवस्था पाहिली ती विसरता येत नाही.

भाची थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘बघीराला पण काटा होता का?’

होता, पण निराळा. बघीराच्या हनुवटीखाली केस उडालेला एक डाग आहे, गळपट्ट्याचा. उदयपूरच्या राजवाड्यातल्या पिंजऱ्यात त्याचा जन्म झाला, आई तिथंच मेली, आणि एका रात्री पंजाच्या फटक्यानं कुलूप तोडून तो रानात आला. रानात हे कुणालाही ठाऊक नाही. त्यानं ते फक्त मोगलीला सांगितलं. एका बैलाच्या बदल्यात त्यानं मोगलीचा जीव विकत घेतला होता, तो दयेपोटी घेतला असं आपण सहज म्हणतो. मला तसं वाटत नाही. माणसांतून रानात आलेलं जे दुसरं कुणी होतं, ते फक्त हे पोर. दूरदर्शनवरच्या मालिकेत बघीरा मादी आहे, आणि त्या बदलानं तिचं मोगलीवरचं लक्ष आईसारखं वाटायला लागतं. ते मला आवडतं, पण त्या मायेमागं हनुवटीखालचा तो डाग झाकला जातो. डिस्नेच्या 1967 च्या चित्रपटानं तर याहून मोठी झाकाझाक केली. तिथं ‘का’ अजगर मोगलीला गिळायला टपलेला आहे. मूळ कथेत माकडांच्या तावडीतून मोगलीला सोडवायला जातात त्यांत तोच मुख्य.

हे सगळे प्राणी पोटासाठी, मानासाठी, जुन्या दुखण्यासाठी काहीतरी करतात आणि ते शोधून काढता येतं. एकीला मात्र मला या मापात बसवता येत नाही. मेसुआ. गावातली बाई. तिचा मुलगा नाथू वाघानं नेला होता. मोगली गावात येतो तेव्हा तिला वाटतं, हाच असेल. ती त्याला नाथू म्हणून हाक मारून पाहते, पण तो नाव ओळखत नाही. मग ती त्याच्या पायाला हात लावते. तळवा शिंगासारखा टणक आहे. या पायांना कधी जोडा लागलेला नाही, हे तिला लगेच समजतं, म्हणजे हा आपला नाथू नाही हेही समजतं. आणि तरी ती म्हणते की तू माझा मुलगा होशील. मामींनी हा भाग दोनदा वाचायला लावला. आमच्या वस्तीत समुद्रावरून परत न आलेल्यांची घरं आहेत, त्यांना यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं.

पुढं तेच गाव मोगलीला दगड मारून हाकलतं. शेरखान मेल्यावर लांडगे शहाणे होऊन त्याला बोलवायला येतात, तेव्हा तो त्यांचाही पुढारी व्हायला नकार देतो. सूड घेण्यात त्याला रस नाही असंच आपल्याला वाटतं. पण मेसुआनं त्याला घरात घेतलं म्हणून गावकरी तिला आणि तिच्या नवऱ्याला चेटूक केल्याच्या आरोपावरून बांधून मारतात, आणि मोगली तिच्या अंगावरचं रक्त पाहतो. त्यानंतर तो हत्तीला बोलावून घेतो आणि त्या गावावर रान सोडतो. शेतं, गोठे, भिंती, सगळं मातीला मिळेपर्यंत. कळपानं टाकलं, गावानं दगड मारले, शेरखाननं जन्मभर पाठलाग केला, त्यातल्या कशासाठीही त्यानं हे केलं नव्हतं. मालिकेतले गावातले भाग शेवटाकडे आहेत. आम्ही अजून तिथवर पोचलेलो नाही, आणि भाचीला मी यातलं काहीही सांगितलेलं नाही. मोगलीनं गाव का बुडवलं, हे तिनं स्वतः शोधावं असं मला वाटतं.