सकाळी मैदान, संध्याकाळी पेटी

मुलगी सकाळी आठशे मीटर धावते, संध्याकाळी पेटीवर यमनचे पलटे घोटते. मग शिष्यवृत्तीचा अर्ज कुठला भरायचा?

दिल्लीच्या सीसीआरटी या सांस्कृतिक संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती 10 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी आहे. मूल घरीच राहतं, आपल्याच गुरूंकडे शिकतं. रक्कम बेताची, पण रियाज मोडत नाही आणि शाळेचा संघही सुटत नाही.

राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीचं तसं नाही. उंची, उभ्यानं लांब उडी, 30 मीटर धाव, मेडिसिन बॉल फेक अशा चाचण्यांतून निवड होते. राहणं, जेवण, प्रशिक्षण सगळं शासनाचं. पण मुक्काम पुण्यात बालेवाडीला, नाहीतर दुसऱ्या केंद्रावर. तिथं गाण्याच्या बाई कुठून आणणार? म्हणून अर्जाआधी त्यांच्याशीच बोला. सुट्टीत शिकवतील का, फोनवर धडा घेतील का, विचारा. माझं स्पष्ट मत आहे, दहा-अकराव्या वर्षी दोन्ही चालू राहतील अशीच वाट धरावी.

मुलगा गात असेल तर आवाज फुटण्याचा काळही ध्यानात घ्या. तेव्हा गळ्यावर जोर नको. ते दिवस मैदानाला खुशाल द्यावेत.