खतावणी बदलताना



1925 साली व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास विजेची पहिली गाडी गेली, ती 1500 व्होल्टच्या डीसी प्रवाहावर. पुढे टप्प्याटप्प्याने 25000 व्होल्टचा एसी प्रवाह आला. हार्बर मार्गावरचे काम 2016 साली संपले. मधल्या काळात दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या होत्या, म्हणून घाटकोपर-मुलुंडच्या चाकरमान्याची गाडी डोक्यावरची वीज बदलत असतानाही चालू राहिली.

आमचा आजचा विषय याच जातीचा आहे. युनिक्स घराण्यातील सर्व्हरच्या डिस्कवरची फाइल-सिस्टीम बदलायची कशी? डिस्कवर मजकूर तुकड्यातुकड्यांनी पडलेला असतो. कोणता तुकडा कोणत्या फाइलीचा, ती कोणाच्या मालकीची, केव्हा लिहिलेली, हे सांगणारी खतावणी म्हणजे फाइल-सिस्टीम.

लिनक्सवर 1993 साली आलेल्या एक्स्ट-टूमध्ये अवचित वीज गेली की सबंध खतावणी तपासावी लागे. 2001 सालच्या एक्स्ट-थ्रीने तिला रोजकीर्द जोडली. बदल आधी तीत टिपायचा, मग खतावणीत. हे रूपांतर एका आज्ञेत होते, आणि नीट बंद केलेली डिस्क जुन्या रीतीनेही वाचता येते. आमच्या दुहेरी प्रवाहाच्या गाडीसारखेच हे झाले! 2008 सालच्या एक्स्ट-फोरमध्ये प्रत्येक तुकड्याची वेगळी नोंद न करता ‘अमक्यापासून इतके’ अशी सलग नोंद होते. मात्र रूपांतरानंतरही आधीच्या फाइली जुन्याच नोंदीवर राहतात, आणि नव्या रीतीने फाइली लिहिल्या गेल्या की एक्स्ट-थ्री ती डिस्क स्वीकारीत नाही. परतीची वाट तेथे संपते.

एक्स्टवरून एक्सएफएसवर जायचे तर तशी आज्ञाच नाही. सारे बाहेर काढावे, डिस्क नव्याने आखावी, सारे परत भरावे. येथेच आम्ही फसलो.

उपनगरातील एका लहान पतपेढीचा सर्व्हर एका शनिवारी रात्री आम्ही हाती घेतला. बाहेर काढलेला मजकूर ठेवावयास जी डिस्क नेली ती विंडोजच्या फॅट पद्धतीची. फॅटच्या खतावणीत युनिक्सच्या मालकाचा रकानाच नाही! शिवाय नक्कल करताना मूळ तारखा राखण्याची खूण द्यावयास आम्ही विसरलो. फाइलींची संख्या जुळली, आकार जुळले. आम्ही समाधानाने जुनी डिस्क पुसून एक्सएफएस आखली.

सोमवारी सकाळी कारकुनांना एकही खाते उघडेना. सर्व फाइली व्यवस्थापक-खात्याच्या नावे लागलेल्या. खिडकीपुढे पासबुके घेऊन माणसे उभी, आणि आम्ही एकेका फाइलीचा मालक विचारीत बसलो. दुपारपर्यंत मालकी लागली. तारखा मात्र गेल्या त्या गेल्याच. कर्जाचा अमुक कागद शेवटी कधी बदलला, असे हिशेबतपासनिसांनी विचारले तेव्हा प्रत्येक कागदावर त्याच शनिवारची रात्र होती. मजकुराचे एक अक्षरही हरवले नव्हते, आणि तरी पुरावा हरवला होता.

आता आम्ही मालकी, परवानगी आणि तारीख राखणाऱ्या टारमध्ये सारे बांधतो, दुसऱ्या यंत्रावर ते उलगडून पाहतो, आणि नवी डिस्क वेगळी विकत घेतो. जुनी महिनाभर कपाटात असते. पतपेढीचे चिटणीस पहिल्यांदा खर्चावर कुरकुरले. पण कपाटाची किल्ली त्यांनी स्वतःकडेच ठेवली आहे.