मुलांच्या खेळातील भाषा
(मंडळाच्या वर्धापनदिनी अल्लीपूर येथे केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘मुलांचे खेळ’ हा विषय दिला. हल्ली मुलांचा खेळ पुष्कळसा मोबाइलवर चालतो आणि त्याची भाषा दिवसभर आपल्या कानांवर पडत असते. डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, ह्या तक्रारी खऱ्याच आहेत. पण त्यांवर आपण नेहमी बोलतो. आज मी त्या भाषेपुरतेच चार शब्द बोलणार आहे.

पब्जी हे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी त्यावर बंदी घातली आणि २०२१ च्या जुलैत तोच खेळ ‘बीजीएमआय’ ह्या नावाने, खास भारतासाठी म्हणून, पुन्हा आला. मुले मात्र त्याला अजून पब्जीच म्हणतात. शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उड्या घेतात आणि शेवटपर्यंत जो टिकेल तो जिंकला. बहुधा चौघांचा गट असतो, त्याला ‘स्क्वॉड’ म्हणावयाचे. हे चौघे चार गावांचे असले तरी माईकवरून त्यांचे बोलणे अखंड चालू असते.

“नॉक झालो, रिव्हाइव्ह दे” म्हणजे मी घायाळ होऊन पडलो, येऊन मला उठव. एका जागी दबा धरून बसणारा तो ‘कॅम्पर’. नवखा, काही न समजणारा तो ‘नूब’. खेळ संपला की ‘जीजी’ म्हणजे ‘खेळ छान झाला’, आपल्या रामरामासारखेच. आणि जिंकणाऱ्याला ‘चिकन डिनर’ मिळते! माळकरी घरातले पोरही हे आनंदाने ओरडते. आजीने घाबरण्याचे कारण नाही. कोंबडी कोठेच नसते. जिंकल्यावर पडद्यावर उमटणारे ते नुसते शब्द असतात.

आता पुष्कळजणी विचारतात, की ह्या शब्दांनी मराठी बुडणार का? मला तसे वाटत नाही. आपले भाऊ विटीदांडू खेळताना वकट, लेंड, मूंड, नाल असे मोजीत. हे आकडे कोठले? तेलुगूत एक, दोन, तीन, चार यांना ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात. शेजारच्या भाषेतले अंक आपल्या अंगणात आले, पिढ्यान् पिढ्या खेळले, आणि मराठीचे काही बिघडले नाही. खेळाबरोबर शब्द येतात आणि खेळ गेला की पुष्कळसे जातातही. त्यांची धास्ती नको.

मला काळजी वाटते ती दुसऱ्या दोन गोष्टींची.

पहिली म्हणजे आपल्या बोलीची लाज. “मले वाचव, तिघं येऊन राह्यले,” असे आपला मुलगा बोलला, की पलीकडचा कोणी शहरी मुलगा हसतो, ‘गावठी’ म्हणतो. दुसऱ्या दिवसापासून पोरगा माईकवर हिंदीच बोलू लागतो. हिंदीशी आपले वैर नाही. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ साली आपल्या वर्ध्यातच निघाली. चौघांना समजावे म्हणून हिंदी बोलणे हा शहाणपणाच आहे. पण हसतील म्हणून आईची बोली टाकणे ही निराळी गोष्ट. असा मुलगा पुढे घरी पाहुणे आले असता आईने तोंड उघडले तरी संकोचतो. त्याला सांगावे, की मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानला जाणारा ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात आपल्या विदर्भातल्या ऋद्धिपुरात रचला गेला. ज्या मातीत मराठी गद्य उभे राहिले, तिथल्या बोलीला गावठी म्हणून हिणवणाऱ्याचेच ज्ञान तोकडे!

दुसरी गोष्ट शिव्यांची. खेळात हार झाली की राग येणारच. पण तो राग निघतो कोणावर? समोरच्याच्या आईवर, बहिणीवर. जिने त्या मोबाइलला हात लावला नाही, तिची अब्रू खेळाच्या भाषेत रोज उधळली जाते. ‘नूब’ ह्या शब्दाने कोणाचे नुकसान होत नाही. ह्या शब्दांनी होते. म्हणून तर पुष्कळ मुली खेळतात, पण माईक बंद ठेवून. मुलीचा आवाज ऐकला, की कोणी लाळघोटेपणा करतो, कोणी घाण बोलतो. जी मुलगी खेळातही आवाज दाबून ठेवावयास शिकते, ती ग्रामसभेत उभी राहून कशी बोलेल?

तेव्हा भगिनींनो, मोबाइल हिसकावण्याआधी एक दिवस मुलाजवळ बसा. कानातले यंत्र काढावयास सांगून चौघांचे बोलणे ऐका. शब्दांचे अर्थ विचारा. मुले मोठ्या हौसेने सांगतात. मग घराचा एकच नियम करा: खेळ हरलास तरी चालेल, पण कोणाच्या आईबहिणीचे नाव तोंडात येता कामा नये. दुसरा कोणी घाण बोलला तर त्याचा आवाज बंद करण्याची आणि तक्रार नोंदविण्याची सोय त्या खेळातच असते. ती मुलींनाही दाखवा, मुलांनाही. आणि आपला मुलगा वऱ्हाडी बोलला म्हणून कोणी हसले, तर आपण त्याच्याशी त्याच बोलीत, ताठ मानेने बोलावे.

शब्द कोठूनही येवोत. ते कोणाच्या जिवाला लागू नयेत, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.